जनूदादांचं केकाटणारं कार्ड

जनूदादा म्हात्र्यांच्या भिंतीवर वाडवडिलांच्या फोटोंशेजारी कॉम्प्युटरची तीन ग्राफिक्स कार्डं टांगलेली आहेत. मेलेली. दसऱ्याला त्यांना हार, हळदकुंकू, सगळं! पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी दादा वंशावळ सांगतात.

"हा आजा. ह्याला पंखा न्हाय, पण पडद्यावर एक फूल फिरवायचं तर माणसानं जेवून यायचं. हा बापूस. रंग भरपूर, पण तापट लई. नि हा चुलता. जल्माचा आळशी!"

दादा मूळचे खारबावचे. भिवंडीत आमच्या शेजारी राहतात. बाहेरच्या खोलीत दुकान. तिथं ते कुणीतरी मोडीत काढलेल्या जाडजूड वर्कस्टेशन कॉम्प्युटरवर लूमवाल्यांना साडीच्या काठांची नक्षी काढून देतात. आतल्या खोलीत वहिनी. मधुमेहानं त्यांची नजर गेल्यापासून स्वयंपाकही दादाच करतात, आणि माझ्या बायकोपेक्षा बरा करतात.

जुन्या कार्डांची बसायची खाच एजीपी, नव्यांची पीसीआय एक्स्प्रेस. एकाचं दुसऱ्यात बसत नाही. दादा माणसंही ह्याच मापानं मोजतात. माझ्या भाचीला शेलार गावचं स्थळ आलं, तर पाहुण्यांसमोरच म्हणाले, "पोरगा पीसीआय एक्स्प्रेस, तुमचं घर एजीपी. खाच जुळायची न्हाय." स्थळ मोडलं. बायको मात्र माझ्याशी बोलेना, जसं काही मीच बोललो होतो!

तेही चाललं असतं हो. पण दादांच्या चालू कार्डाचा पंखा! काय ते केकाटणं! लूमच्या खडखडाटातून आरपार. शुक्रवारी लूम बंद असले की दुपारच्या झोपेचं खोबरंच. शेवटी मीच एक कार्ड आणून दिलं. त्याच खाचेचं, पण पुढच्या पिढीचं, बिनपंख्याचं. दादांनी ते ओवाळून बसवलं. फूल झर्रकन फिरलं. गल्ली शांत झाली आणि मी वज्रेश्वरीला नारळ बोललो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा केकाटणं! माझं टाळकंच सटकलं. तसाच अनवाणी शेजारी घुसलो.

"दादा, माझ्या कार्डाला काय धाड भरली?"

"नवीन पिढी घुमी हाय वो," दादा पुटपुटले. "बसलीय का गेली, कलत न्हाय."

मी तोंड उघडणार तोच लाइट गेली. लूम थांबले, पंखाही थांबला. आणि आतून वहिनींची घाबरी हाक आली, "अवो, कुठं गेलात?"

"हाय गो! हितंच हाय!" दादा केवढ्यांदा ओरडले.

मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "पंखा ऐकू आला का तिला धीर येतो. मी बसलोय म्हणून. तुमचं कार्ड सोन्यासारखं हाय वो. पण परवा मला शोधत भिंत चाचपत आली, नि उंबऱ्यात पडली. म्हणून जुनंच परत बसवलं."

लाइट आली, पंखा केकाटला, तसा वहिनींचा आवाज आला, "भावजी आलेत ना? चहा द्या त्यांना."

अजूनही शुक्रवारी दुपारी तो पंखा केकाटतो आणि मी खुशाल झोपतो. लाइट गेली, पंखा थांबला, की मात्र दचकून जागा होतो. पलीकडून "हाय गो!" ऐकू येईपर्यंत माझा काही डोळा लागत नाही.