किल्ला पुढच्या खेपेला

आमच्या दत्तूमामांच्या वाडीत पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी त्याच्या हातात कोयता पडतो. "चहा होतोय तोवर केळीची तेवढी सुकी पानं उतरवून टाका!" आणि चहा व्हायला चांगला दीड तास लागतो.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. नालासोपाऱ्याहून कळंबला जाताना त्यांची वाडी लागते. केळी, पानवेली, कडेला नारळ. मी राहतो विरारला, चंदनसारच्या फ्लॅटमध्ये, जिथे तुळससुद्धा धड जगत नाही. त्यामुळे ऑफिसात कुणाला गावाकडचं काही बघायची हुक्की आली की मी त्याला मामांच्या हवाली करतो. मामा त्याला वसईचा किल्ला दाखवायचं कबूल करतात आणि तिथेच तो बिचारा फसतो.

कारण मामांचा कायदा आहे, "आधी वाडी, मग किल्ला!" आता वाडी कधी संपते का? पानवेल बांधा, पाटात अडकलेला पाला काढा, उन्हात वाळत घातलेली केळी, म्हणजे सुकेळी, उलटवा. एक साहेब सुकेळी उलटवता उलटवता निम्मी फस्त करून बसले, तर मामांनी त्यांना नारळ सोलायला बसवलं. "हे सोलता सोलता खाता येत नाहीत, शेंडीसकट तर नाहीतच!" दिवस कलला की मामा कपाळाला हात लावतात. "अरेरे, उशीर झाला! चला, सोपाऱ्याचा स्तूप जवळ आहे, तो बघू. किल्ला पुढच्या खेपेला!" पाहुणा कंबर धरून, केळ्यांची फणी घेऊन घरी जातो. आणि गंमत म्हणजे किल्ल्यासाठी पुन्हा येतो. म्हातारा भलताच पक्का, असं मी सगळ्यांना सांगायचो.

मग मी शिंदेला नेलं. शिंदे आमच्याच ऑफिसातला, साताऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. विरारला बदली झाल्यापासून मातीला हात लागला नाही म्हणून कासावीस झालेला. गडी असा कामाला भिडला की ऊन तापायच्या आत सगळी वाडी लख्ख! मामांचा चेहरा उतरला. विहिरीकडे जाऊन येतो म्हणाले आणि थोड्या वेळाने तिकडून ओरडले, "अरे धावा! पाटाचा बांध फुटला!"

शिंदे फावडं घेऊन धावला. मी मामांच्या पायांकडे बघितलं. घोट्यापर्यंत ताजा चिखल.

"मामा, बांध तुम्ही फोडलात!"

"गप रे! उंदरांचं काम आहे ते."

शिंदेने तोही बांध हां हां म्हणता घातला. आता मामांची सुटका नव्हती. निघालो आम्ही किल्ल्याला.

किल्ल्याच्या दाराशी रिक्षा थांबली, पण मामा काही उतरेनात. शिंदे समोरच्या गाडीवर शहाळी आणायला गेला, तसा त्यांनी माझा हात धरला.

"आत जायलाच हवं का रे? मामी होती तेव्हा माणसं तिच्या हातचं जेवायला पुन्हा पुन्हा यायची. आता किल्ला बघून झाला की कोण कशाला येईल? या पोराचा लळा लागला रे मला एका सकाळीत. आज हा सगळं बघून जाईल, की संपलं."

मला गलबलून आलं. मागे शिंदे शहाळी घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मामा, आज किल्ला नको," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत साताऱ्याहून. त्यांना सोडून एकट्याने किल्ला बघितला तर आई जेवायला घालणार नाही मला. त्यांनाच घेऊन येतो."

मामांनी माझा हात सोडला. "खरंच आणशील?"

"आणतो की! आणि सांगा त्यांना हवं ते काम. दोघंही कामाला वाघ आहेत."

"काम? छे छे! एकसुद्धा काम नाही त्यांना," मामा म्हणाले. शहाळं त्यांनी नुसतं हातात धरलं होतं. "चार दिवस राहायचं त्यांनी. आणि बसायचं नुसतं, माझ्याशी बोलत."