माहीतगाराचा अंदाज

सकाळी आमच्या कचेरीच्या पूर्वेकडील खिडकीतून जो उजेड आत येतो, त्यात कौतुक करण्याजोगे काहीही नाही. तो आधी कपाटाच्या माथ्यावर टेकतो, मग रिकाम्या खुर्चीच्या पाठीवरून ओघळतो आणि उशिरा आलेल्या कारकुनासारखा, कुणाचे लक्ष नाही असे पाहून, माझ्या टेबलावर येऊन बसतो. बाबांच्या पायरीवरही या वेळी असाच उजेड पडत असणार. झाडांना पाणी घालताना ते तिथे क्षणभर थांबत असणार. तो उजेड मी फार दिवसांत पाहिला नव्हता. घर लांब होते.

पण वाचकहो, त्या दिवशी उदास व्हायला मला सवड नव्हती. त्या दिवशी मी शहराचे प्राण वाचवणार होतो!

रुग्णवाहिकेचे नवे ठाणे कुठे उभारावे, हे माझ्या नकाशावरून ठरायचे होते. आमचे सॉफ्टवेअर प्रत्येक वस्तीपर्यंत गाडी पोहोचायला लागणारा वेळ काढते. जिथे फार उशीर होतो, ती वस्ती लाल दिसते. सगळे शहर हिरवेगार होते. फक्त एका टोकाची वस्ती उन्हात भाजलेल्या नाकासारखी लालबुंद झाली होती.

“एवढी लाल?” साहेबांनी चष्मा वर सरकवला. “मधे काय डोंगर आडवा आलाय?”

“रस्ता नोंदीत नाही, साहेब. अशा ठिकाणी माहीतगाराने अंदाजाने वेळ भरायचा असतो.”

“माहीतगार कोण?”

“मी. आमचं घर आहे तिथे. तास तर सहज लागतो.”

“मग झालंच. घरचा माणूस कशाला चुकेल?”

मी मान खाली घातली. आई गेल्यापासून बाबा त्या घरात एकटे असतात. ठाणे तिथे झाले, तर त्यांच्या हाकेच्या अंतरावर रात्रंदिवस एक गाडी आणि दोन जागी माणसे असणार होती. मी नसलो, तरी कुणीतरी असणार होते. हे मी साहेबांना सांगितले नाही, नकाशालाही नाही.

मात्र साहेबांची एक खोड आहे. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते सही करत नाहीत. “चला, गाडी काढायला सांगा. नेहमीच्या वेगाने जाऊ. भोंगा नको, उगाच लोक घाबरतात.”

पुढे चालककाका आणि साहेब बसले. मला मागे, स्ट्रेचरशेजारी जागा मिळाली. खिडक्यांना दुधी काचा होत्या. लांबचा पल्ला म्हणून मी पाण्याची बाटली आणि एक जाडजूड पुस्तक बरोबर घेतले होते. वळणा-वळणांवर वाचायला गेलो आणि मला गाडी लागली. तिसरे पान उलटले, तोच चालककाकांचे बोट वस्तीच्या कोपऱ्यावर सवयीने भोंग्याच्या बटणावर गेले.

दार उघडले. मी घामाघूम, पांढराफटक असा खाली उतरलो. समोर अख्खी गल्ली गोळा झाली होती.

“अगं बाई, हा तर यांचा मुलगा,” शेजारच्या काकू म्हणाल्या. “काय झालं रे तुला?”

“काही नाही, काकू. मी बरा आहे.”

“बरा असतास तर आला असतास का?”

यावर गल्लीतल्या कुणालाच शंका आली नाही. काकूंनी दोघांना हाक मारली, “धरा त्याला, पडेल.” मी ‘अहो, ऐका तरी’ म्हणेपर्यंत मला स्ट्रेचरवर आडवे करून पट्टे आवळण्यात आले. चालककाकांनीही मदत केली. स्ट्रेचरवर माणूस दिसला की त्यांना राहवत नाही.

बाबा हातातली झारी तशीच घेऊन आले. एकाच पायात चप्पल होती. त्यांनी ओला हात माझ्या कपाळावर ठेवला.

“ताप नाही,” ते स्वतःशीच म्हणाले. मग मला, “फोन करायचास. मी आलो असतो की.”

“बाबा, मी कामाला आलोय. ठाण्याच्या.”

“बरं, बरं. बोलू नकोस आता.” ते साहेबांकडे वळले. “तुम्ही याचे साहेब ना? रागावू नका त्याला. फार लांबून येतो हो. थकतो.”

साहेबांनी घड्याळ पाहिले, मग माझ्याकडे. “लांबून? अकरा मिनिटं लागली, काका. वाटेत डिझेलही भरलं.”

काकूंनी पदराने उगाच गळा पुसला.

“इथे ठाण्याची गरज नाही,” साहेब हळूच म्हणाले. “पण हा तास आणलात कुठून?”

पट्ट्यांमुळे मला तोंड फिरवता येईना. उत्तर बाबांनीच दिले.

“तासच लागतो, साहेब. दर रविवारी फोनवर सांगतो ना तो. तो खोटं नाही बोलत.”

झारीतून थेंब थेंब पाणी माझ्या बाहीवर पडत होते. बाबांच्या खांद्यामागे पायरी दिसत होती आणि तिच्यावर तो साधा उजेड, अगदी कचेरीतल्यासारखा.

घर लांब नव्हते.