साठ टक्के रहिवासी

केंद्र सरकारच्या स्थाननिश्चिती विभागाचे उपसंचालक शशिकांतराव यांच्यापुढे एक राष्ट्रीय अडचण होती. लोक पत्त्यात 'जवळ' लिहीत, आणि संगणकाला 'जवळ' कळत नसे. शशिकांतरावांनी प्रश्न धसास लावला. पत्त्यात 'जवळ' असेल तर माणूस तिथे साठ टक्के राहतो, असं त्यांनी ठरवलं. समितीने चहाबरोबर ते मंजूर केलं आणि बढतीसाठी त्यांचं नाव वर गेलं.

दुर्दैवाने त्यांचा स्वतःचा पत्ता होता 'सरोजिनी नगर मार्केटजवळ'. दिल्लीतल्या त्या सरकारी क्वार्टरला नंबर होता. पण मार्केट सांगितलं की ऑटोवाल्याला लगेच समजतं, म्हणून ते सगळीकडे तेच लिहीत आले होते.

एका रविवारी दारात ट्रंक घेऊन एक गृहस्थ उभे राहिले.

"मी खंडेराव. सिंचन विभागात असतो. तुमच्या क्वार्टरमध्ये चाळीस टक्के जागा व्हेकंट दाखवतंय. ती मला अलॉट झाली."

शशिकांतराव हबकले. पण नियम चूक म्हणावा तर बढती हातची जाणार. "बिल्कुल बरोबर आहे," ते म्हणाले, "आत या."

"अहो, घर कुणाचं आहे?" पत्नी चंद्रप्रभाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"बहुतांशी आपलं."

हॉलमध्ये दोरीवर चादर लागली. फ्रिज पलीकडे गेला. दूध काढायलाही चंद्रप्रभा खंडेरावांची परवानगी मागू लागली, तेव्हा मात्र शशिकांतरावांना रडू कोसळायचंच बाकी राहिलं. नाक मुठीत धरून त्यांनी आपल्याच कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज केला, या वेळी क्वार्टर नंबरासह.

"सर, नंबर तर कोणीही लिहील," तपासनीस अदबीने म्हणाला. "शेजाऱ्यांना विचारायचं, असा तुमचाच नियम आहे."

शेजारी गौरवजी. कित्येक वर्षं दोन्ही घरांची भिंत एकच.

"शशिकांतजी कहाँ रहते हैं?" तपासनीसाने त्यांना विचारलं.

गौरवजींनी डोकं खाजवलं. "शशिकांत... हाँ, यहीं कहीं रहते हैं."

"और खंडेराव?"

"अरे, वो तो बगल में. कल ही चाय पीकर गए."

'इथेच कुठेतरी'साठी तक्त्यात वीस टक्के ठरले होते. त्याखाली सही शशिकांतरावांची होती. संध्याकाळी चादर सरकली, आणि आता पती-पत्नी बाल्कनीत राहतात. बढतीचा आदेश निघाला आहे म्हणे, पण पोस्टमनला पत्ता सापडत नाही.

तो तपासनीस सध्या तुमच्या गल्लीत आला आहे. तुमचे शेजारी त्याला काय सांगतील, याचा अंदाज हवा असेल तर आधी त्यांचं नाव आठवून पाहा.