विचारणारा की घेणारा

मुनाफभाई दुसऱ्यांच्या दुकानात उभे राहून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकतात. भिवंडीशेजारच्या राहनाळला त्यांचं स्वतःचं टॉवेल, पंचे आणि गमछ्यांचं भलंमोठं गोदाम आहे. तरी सकाळचे दोन तास हा गृहस्थ भिवंडीच्या बाजारात कुणाच्या तरी दारात उगाच चादर चाचपत असतो. शेजारी कुणी म्हणालं, "लग्नात वाटायला जरा बरे दिसणारे पंचे दाखवा," की खिशातली छोटी वही निघते आणि वाक्य जसंच्या तसं उतरवलं जातं. दोन दुकानदारांनी त्यांना सरळ बाहेर काढलंय. तिसरा चहा पाजतो, कारण ते कुठल्या तरी सरकारी खात्याचे साहेब आहेत अशी त्याची पक्की समजूत आहे.

माझा त्यांच्याशी संबंध धंद्याचा. मी सर्चवरच्या जाहिराती चालवतो. लोक फोनमध्ये काही शोधतात तेव्हा सगळ्यात वर कुणाचं नाव दिसावं, ते बघायचं माझं काम. लोक कोणते शब्द टाकतात आणि महिन्याला किती जण टाकतात, हे सांगणारी टूल मिळतात. त्यांच्या जोरावर माझं बरं चाललं होतं. मग मी खारबावहून उठून मुनाफभाईंच्या गोदामाच्या माडीवर ऑफिस थाटलं आणि माझ्या विद्येची परीक्षा सुरू झाली.

पहिल्याच दिवशी मी त्यांना लॅपटॉपवर 'टॉवेल होलसेल' या शब्दापुढचा मोठा आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावला, आकडा पाहिला, चष्मा काढला.

"पाटील, आकडा राहू दे. माणूस काय बोलतो ते सांग. आणि तो विचारणारा हाय का घेणारा?"

हे त्यांचं तत्त्वज्ञान. जगात माणसं दोनच प्रकारची, विचारणारी आणि घेणारी. विचारणाऱ्यांवर त्यांचा भयंकर राग, कारण जाहिरातीवर कुणी नुसतं बोट टेकवलं तरी पैसे आमचे जातात. त्यांच्यासाठी वेगळी वही आहे, वर ठळक अक्षरात लिहिलंय 'हकालपट्टी'. ज्या शब्दांवर आमची जाहिरात दिसता कामा नये, ते सगळे तीत. फुकट, फोटो, नोकरी, घरी कसं बनवावं. एकदा चादरींच्या जाहिरातीवर धपाधप लोक येऊन गेले आणि एकानंही चादर घेतली नाही. त्यांनी काय शोधलं होतं, ते मुनाफभाईंनी माझ्याकडून वाचून घेतलं. निम्मे लोक चादरीवरचे चहाचे डाग कसे काढायचे ते शोधत होते.

"अरे, जो डाग काढतोय तो नवीन कशाला घेल? जुनी वाचवायला बसलाय तो. लिही, डाग, हकालपट्टी."

मी लिहिलं, आणि फुकट येणारी गर्दी खरंच कमी झाली.

पण त्यांची खरी करामत मी पाहिली ती वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीची. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांभोवती लॉज आहेत. त्यांना टॉवेल विकायचे होते आणि माझी जाहिरात काही केल्या चालत नव्हती. मुनाफभाई एसटी पकडून गेले आणि खांद्यावर पंचा टाकून दिवसभर कुंडाच्या कठड्यावर बसले. पाय पाण्यात, कान लॉजवाल्यांकडं. संध्याकाळी भाजलेल्या वांग्यासारखी पावलं घेऊन परतले आणि म्हणाले, तिथं टॉवेल कुणी बोलतच नाही. ते बोलतात 'लवकर सुकणारे पंचे'. दुसरं असं, की सकाळी लॉजवाला गिऱ्हाइकात अडकलेला असतो. खोल्या रिकाम्या झाल्यावर, दुपारी दोन ते चार, त्याला ओले पंचे दिसतात आणि राग येतो. जाहिरात तेव्हाच दिसली पाहिजे, आणि फक्त वज्रेश्वरीच्या आसपास. मी तसं केलं. त्या आठवड्यात फोन घेता घेता माझं जेवण गार व्हायचं. कुठल्याही टूलला हे आयुष्यात सुचलं नसतं. मला तर नव्हतंच सुचलं.

तरी नवं टूल आलं की ते हौसेनं बघायचे. मात्र प्रत्येकाची चाचणी ठरलेली. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसायचे आणि सांगायचे, "टाक, तोता मिर्ची गमछा."

असा गमछा मी जन्मात ऐकला नव्हता. टूलांनीही नाही. एकानं शून्य दाखवलं. रंगीबेरंगी आलेखवाल्या महागड्यानंही शून्यच दाखवलं. तिसऱ्यानं फारच आपुलकीनं सुचवलं की 'तोता मिर्ची खाता है क्या' यावर पुष्कळ शोध आहेत.

"पोपटाची काळजी हाय लोकांना," मुनाफभाई उठत म्हणाले. "टूल हुशार हाय, पण कान नाय त्याला. परत कर."

मी चार टूल परत केली. मोठ्या माणसाचा एखादा स्क्रू ढिला असायचाच, असं मनाशी म्हणून सोडून दिलं.

मग गेल्या वर्षी मी त्यांच्या जाहिरातींच्या खात्याची साफसफाई काढली. तळाशी एक जाहिरात सापडली, माझ्या आधीच्या माणसाकडून करून घेतलेली. तिच्यात शब्द एकच, तोता मिर्ची गमछा. दिसायची जागा उत्तर प्रदेशातला एकच जिल्हा, जिथं आमचा एक पंचाही जात नव्हता. इतक्या काळात ती एकदाही कुणाला दिसली नव्हती. मी ती बंद केली आणि खाली जाऊन, शाबासकीच्या आशेनं, त्यांना सांगितलं.

मुनाफभाई गठ्ठ्यावर बसले.  

मग त्यांच्याच तोंडून सगळं कळलं. गोदामाच्या आधी त्यांचे एका शेडमध्ये कापड विणायचे लूम होते आणि ते दुरुस्त करणारा जॉबर होता रामसमुझ. बावीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले. हिरव्या-लाल चौकडीचा एक गमछा दोघांनी मिळून काढला होता. बाजारात त्याला कुणी काहीही म्हणो, रामसमुझनं त्याचं नाव ठेवलं तोता मिर्ची. शेडबाहेर ते कुणाला माहीत नव्हतं. धंदा बसला. रामसमुझ मुलीच्या लग्नाला गावी गेलेला असताना भंगारवाला आला आणि मुनाफभाईंनी चार दिवसांत सगळे लूम काढून टाकले. फोन करून सांगायचा धीर झाला नाही. रामसमुझ परतला तेव्हा शेडमध्ये फक्त जमिनीतली बोल्टांची भोकं होती. त्यानं मुलीच्या लग्नाच्या लाडवांचा डबा वॉचमनकडं ठेवला आणि निघून गेला. तेव्हापासून त्याचा नंबर बंद. गाव कुठलं, ते बावीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. जिल्हा तेवढा ठाऊक.

"वाचता येत नाय त्याला," मुनाफभाई म्हणाले. "पण फोनला तोंडानं सगळं विचारायचा. कधीतरी हे विचारेल. जाहिरातीतलं हिरवं फोनचं चित्र ओळखतो तो, दाबलं की मला लागेल. जिवंत हाय का, माझ्यावर थुंकतो का, काय ते तरी कळेल."

मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही. ज्या शून्याला मी हसत होतो, त्यावर हा माणूस प्रत्येक नव्या टूलसमोर आशेनं वाकत होता. टूल हजारांना मोजतात. एकट्या माणसाला मोजणारं टूल अजून निघालेलं नाही.

मी जाहिरात पुन्हा सुरू करायला बसलो आणि त्यांचाच प्रश्न त्यांना केला, रामसमुझ काय बोलतो ते सांगा. ते डोळे मिटून त्याच्या आवाजात बोलले, "भइया, भिवंडी वाला तोता मिर्ची गमछा मिली का?" यंत्रालासुद्धा भइया म्हणायचा तो. मी ते वाक्य टाकलं, तेच विचारायची आसपासची वळणं टाकली, पूर्ण जिल्हा ठेवला.

सात-आठ महिने काही नाही. मग एका दुपारी त्या ओळीत एक आकडा दिसला. जाहिरात एकदा दिसली होती. शोधाचे शब्द उघडून पाहिले, तर सुरुवातच 'भइया' अशी होती.

मी धावत खाली गेलो. मुनाफभाईंनी ऐकलं, तोंड धुतलं, दाढीवरून कंगवा फिरवला आणि फोन समोर ठेवून बसले. मी शेजारी बसलो. मधे एका लॉजवाल्याचा फोन आला, त्याला त्यांनी दोन शब्दांत वाटेला लावलं. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाला गेले तेव्हा फोन माझ्या हातात देऊन गेले. परत आले. अंधार पडायला लागला. रामसमुझचा फोन काही आला नाही.

 मी उगाच म्हणालो की नुसता विचारणारा निघाला, भाई.

मुनाफभाईंनी फोन खिशात टाकला. डोळे ओले होते आणि चेहरा माझ्या पाहण्यात कधी नव्हता इतका खुलला होता.

"विचारलं ना त्यानं?" ते म्हणाले. "बस. अजून काय पायजे?"