स्वरांशचं बोरन्हाण आणि शहाणी सुरपेटी

एका जंगलात एक बाभूळ होती, आणि त्या बाभळीवर शामलबाई कावळीण राहायची. कुठलं जंगल, असं विचारू नका. तुमच्या सोसायटीच्या मागचं नाही, एवढं पुरे. मांडी घालून बसा आणि चुळबूळ बंद करा.

शामलबाईला एक दुखणं होतं. कावळ्यांच्या कुळात गाणं नाही. पितृपक्षात माणसं पान वाढतात, हात जोडतात, या हो या हो म्हणून विनवण्या करतात. पंधरवडा सरला की तोच कावळा कौलावर बसला तर 'हाड' म्हणून खडा मारतात. का, तर म्हणे आवाज. आपल्या लेकराला तरी कुणी हाड म्हणू नये, एवढंच तिचं मागणं होतं. आता यात काही वाईट आहे का, तुम्हीच सांगा.

तिला एकच पोर. नाव स्वरांश. कोकिळा अंडं कुणाच्या घरट्यात घालते, हे तुम्हा शहाण्या मुलांना ठाऊक आहे. शामलबाईला ठाऊक नव्हतं. पोर काळं होतं, खादाड होतं. आणखी काय पुरावा हवा? तिचा नवरा भुशुंडराव एकदा म्हणाला की, याचे डोळे जरा लालसर दिसतात. तुमच्या आत्याबाईंचेही तसेच होते, असं सांगून तिनं त्याला गप्प केलं. भुशुंडरावाला गप्प बसायची चांगली सवय होती.

अशात शेजारच्या साळुंकीच्या पोरीला आजोळहून तबला आला. साधा नव्हे, बटणाचा. बटण दाबलं की तो आपला आपण वाजायचा, वर लाल-हिरवे दिवे लुकलुकायचे. आमच्या मैथिलीला ताल जन्मजात आहे, असं साळुंकी जंगलभर सांगत सुटली. झालं. शामलबाईच्या घशाखाली दाणा उतरेना.

ती तडक बाजारात मुंगुसाकडे गेली. हा मुंगूस शहरात राहून आला होता. तो खेळणी विकत नसे, तो मेंदूचा विकास विकायचा. त्यानं एक गुलाबी सुरपेटी तिच्यापुढं ठेवली.

"वहिनी, पोरानं हिच्यावर कुठंही पाय ठेवू दे, गाणं सुरातच येणार," तो म्हणाला. "चुकायची सोयच ठेवलेली नाही."

शामलबाईला हे फार पटलं.

सुरपेटीला चित्रांची बटणं होती. एकावर गाय, एकावर कोंबडा, एकावर कोकीळ. कोकिळाचं बटण दाबलं की बिजागरी कुरकुरावी तसं 'कुऊ' व्हायचं आणि शेवटी 'टिंग'. आवाज दोन प्रकारचे होते, मोठा आणि फार मोठा. तिसरा नव्हता. थोडा वेळ कुणी हात लावला नाही की पेटी स्वतःच ओरडायची, "चला, गाऊ या!" भुशुंडराव दोनदा फांदीवरून पडला.

स्वरांश पेटीवर नाचायचा आणि पेटी वाजायची. पोरगं चाली लावतंय, असं शामलबाईनं सगळ्यांना सांगून टाकलं. आपलं ते सगळ्यांनाच सोन्याचं वाटतं, त्यात तिचा काय दोष.

एके दिवशी सकाळी मात्र वेगळंच झालं. पेटी बंद असताना स्वरांशनं मान वर केली, गळा फुगवला आणि 'कुहू' म्हणाला. आतून आलेलं, स्वच्छ, लांबच लांब.

शामलबाई दचकली. तिनं कोकिळाचं बटण दाबून पाहिलं. मग पोराकडं पाहिलं.

"चुकलं, राजा," ती मायेनं म्हणाली. "शेवटचं टिंग कुठं गेलं?"

बिचाऱ्यानं खूप प्रयत्न केला. टिंग काही घशातून निघेना. दिवसभर त्याला टिंगचा सराव. संध्याकाळपर्यंत पोर मान खाली घालून बसलं. मग ते गप्पच झालं. मला विचाराल तर मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पुढं संक्रांत आली. शामलबाईनं पोराचं बोरन्हाण थाटात मांडलं. काळ्या अंगावर हलव्याचे पांढरे दागिने काय खुलून दिसत होते. साळुंकी आली, होल्याची सून आली, लावी आली, आंब्यावरची कोकिळासुद्धा आली. मधोमध सुरपेटी, तिच्यावर स्वरांश. आधी बोरं, मग गाणं, असा बेत होता.

बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, सगळं पोराच्या डोक्यावरून ओतलं गेलं. आणि ते पडलं कुठं? बटणांवर. गाय हंबरली, कोंबडा आरवला, कोकीळ कुरकुरला, सगळं एकदमच. दिवे भडकले. पेटीनं एक लांब गळा काढला आणि ती बंद पडली. सेल संपले.

साळुंकी पंखाआड हसली. शामलबाईचा चेहरा एवढासा झाला. भुशुंडराव पेटीखालचा बारीक स्क्रू चोचीनं फिरवायला लागला. तो स्क्रू आजवर कुणाला फिरलाय?

तेवढ्यात स्वरांशला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी शांतता होती, आणि चोचीत गोड बोर होतं. त्यानं बोर गिळलं आणि तो गायला.

सगळं जंगल थांबलं. लावीनं डोळे पुसले. इतकं गोड शामलबाईनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं पोराकडं पाहिलं. त्याचा इवला गळा थरथरत होता. ती पाहतच राहिली. मग तिची नजर हळूहळू खाली गेली, पोराच्या पायांखाली.

"अहो, बघितलंत?" ती भरल्या आवाजात म्हणाली. "सेल गेले तरी वाजतेय. चांगल्यातली घेतली म्हणून."

मुंगुसाचं दुकान कुठं, म्हणून बायकांचा एकच गलका झाला. सगळ्यांत आधी साळुंकीनं विचारलं. एकट्या कोकिळेनं सगळं ओळखलं होतं. पण बोलली असती तर पोर घरी न्यावं लागलं असतं, भरवावं लागलं असतं. तिनं दोन बोरं चोचीत धरली आणि ती मुकाट उडून गेली.

दुसऱ्या दिवशी पेटीत नवे सेल पडले. स्वरांशनं चोच उघडली, तर आई म्हणाली, "शू, पेटी गातेय ना."

आता तो मोठा झालाय. टिंगही त्याला जमलं बरं का, अगदी हुबेहूब. चैत्रात तो गावाकडच्या आंब्यावर बसून मनापासून गातो, आणि शामलबाईची इच्छा पुरी झाली आहे. त्याला कुणी हाड म्हणत नाही. माणसं फक्त खिसे चाचपतात आणि म्हणतात, "अरे, कुणाचा तरी फोन वाजतोय, उचला."

तात्पर्य : काखेत कळसा असला, तरी गावाला वळसा अवश्य घालावा. दुकानं त्याच वाटेवर असतात.