कागदात बसवलेला ओटा

"आर्किटेक्ट कशाला हवा? ज्याला माउस धरता येतो, त्याला घर आखता येतं!"

मुलुंड पूर्वेच्या आपल्या सोसायटीच्या गेटपाशी उभं राहून नंदकिशोर टिपणीसांनी हे जाहीर केलं, तेव्हा ऐकणाऱ्यांत वॉचमन होता, दूधवाला होता आणि शेजारचा केयूर शहा होता. तिघांनीही मान डोलावली. वॉचमनने तर सलामही ठोकला. नंदकिशोरांना तेवढं पुरलं!

खरं म्हणजे या घोषणेमागे एक हळवी गोष्ट होती. त्यांच्या बायकोचे, कुंदाचे, दोन्ही गुडघे बदलले होते. तिची बहीण अनुपमा स्वतः फिजिओथेरपिस्ट, म्हणून ऑपरेशननंतर कुंदा तिच्याकडे बोरिवलीला राहायला गेली. इकडे विमा कंपनीतून रिटायर झालेले नंदकिशोर जन्मात पहिल्यांदा स्वयंपाकघरात एकटे सापडले. पोहे भिजवायला चाळणी शोधण्यात त्यांची सकाळ गेली. चाळणी सापडली ती वरच्या फळीवर, तीन परातींच्या मागे. ती काढताना परात डोक्यात पडली आणि लख्ख प्रकाश पडला. हे अडगळीच्या खोलीसारखं स्वयंपाकघर कुंदाने इतकी वर्षं चालवलं कसं? आणि आपण रोज पानावर बसून "मीठ कमी आहे" एवढंच म्हणत आलो!

त्यांनी त्या क्षणी ठरवलं. कुंदा घरी येईल ती नव्या कोऱ्या स्वयंपाकघरात. सरप्राइझ! आणि डिझाइन दुसऱ्या कुणाचं नाही, स्वतःचं.

घर आखायचं एक सॉफ्टवेअर त्यांनी लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि कामाला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी दहा फुटी ओटा काढायला घेतला. आकडा टाकला दहा, पण माप फुटांत आहे की मीटरमध्ये, हे बघायचं राहिलं. ओटा जो सुटला तो भिंत फोडून थेट केयूर शहाच्या बेडरूममध्ये घुसला! मग खिडकी लावायला गेले तर ती जमिनीत गेली. फ्रिज हलवला तर तो बाल्कनीबाहेर, पाचव्या मजल्यावर, अधांतरी लटकला. पण गडी चिकट. व्हिडिओ बघून बघून, पुसून पुसून, शेवटी त्यांनी स्वयंपाकघर काढलं. आणि खोटं कशाला बोला, झकास काढलं! ओटा कुंदाच्या कंबरेला येईल असा, वर हाताशी कपाटं, ओट्याखाली मधोमध घरघंटीसाठी मोकळी जागा.

फक्त एक गोष्ट त्यांना खटकत होती. सगळ्या चित्रावर मापांचे आकडे पसरले होते, जिलबीवर मुंग्या चढाव्यात तसे. त्यांनी एक बटण दाबलं. आकडे गायब! चित्र कसं स्वच्छ, गोरंपान. कोपऱ्यात तेवढं प्रमाण राहिलं : कागदावरचा एक इंच म्हणजे खरे दहा इंच.

प्रिंट काढायला ते स्टेशनजवळच्या धम्मपालच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

"काका, मोठा कागद संपलाय," धम्मपाल म्हणाला. "छोट्यावर पानाला फिट करून देऊ?"

"फिट? अरे, एकदम फिट कर! बायकोसाठी आहे!"

त्याने फिट केलं. नंदकिशोरांनी वर लॅमिनेशनही करून घेतलं.

काम दिलं दत्तारामला. दत्ताराम मूळचा मालवणकडचा, सोसायटीतली निम्मी बाथरूमं त्याने केलेली. नंदकिशोरांनी लॅमिनेट केलेला कागद त्याच्या हातात ठेवला, आरतीचं तबक द्यावं तसा.

"दत्ताराम, कागदावर पट्टी लाव, दहाने गुण, की झालं माप. या कागदाच्या बाहेर एक सूतही जायचं नाही!"

"सायबानू, नाय जावचंय," दत्तारामने शब्द दिला.

घरात धुरळा, म्हणून नंदकिशोरही बोरिवलीला राहायला गेले. कुंदाला सांगितलं, घराचं रंगकाम काढलंय. दत्ताराम रोज फोटो पाठवायचा. फोटोत ओटा दिसायचा, कपाटं दिसायची, चकाचक! माणूस मात्र एकाही फोटोत नव्हता. मध्ये एकदा दत्तारामचा फोन आला.

"सायबानू, ओटो माका जरा बुटको वाटता..."

"दत्ताराम, ते डिझाइन आहे! डिझाइनमध्ये डोकं घालायचं नाही!"

दत्तारामने डोकं काढून घेतलं.

काम संपल्याचा निरोप आला तसे नंदकिशोर एकटेच मुलुंडला गेले. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि थबकले. आधी वाटलं, जमीन वर आलीय. मग वाटलं, आपणच उंच झालोय. ओट्याजवळ गेले, तर ओट्याची कड मांडीला लागली! नळ सोडायला वाकले आणि उठताना वरच्या कपाटाचा तळ टाळक्यात बसला. फ्रिजसाठी ठेवलेल्या जागेत फ्रिजचा नुसता खांदा शिरत होता. घरघंटी हॉलमध्ये सोफ्याशेजारी पाहुण्यासारखी बसली होती. आणि ओटा भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच संपला होता!

"दत्ताराम! हे काय बालवाडीचं स्वयंपाकघर केलंस?"

"सायबानू, कागदार आसा तसाच केलंय," दत्तारामने पट्टी लावून दाखवली.

अगदी बरोबर होतं. चुकला होता तो कागदच. मोठ्या कागदाचं चित्र छोट्या पानात फिट बसवताना सगळंच आकसलं होतं, कोपऱ्यातलं प्रमाण मात्र जुनंच राहिलं होतं. खरे आकडे चित्रावर असते, तर दत्तारामने पट्टी लावलीच नसती. पण आकडे कुणी घालवले होते? नंदकिशोरांनीच!

"वाट लागली," ते म्हणाले आणि ओट्यावर बसले. बसायला मात्र उंची छान होती.

संध्याकाळी बोरिवलीला परतले तर कुंदा बॅग भरून तयार!

"अहो, अनुपमा म्हणतेय आता घरी जायला हरकत नाही. उद्याच निघू या!"

"उद्या? उद्या पाणी नाही."

"मग परवा."

"परवा... लिफ्ट बंद."

"मग पुढच्या आठवड्यात?"

"रंगाचा वास गं! तुला सोसणार नाही."

कुंदाने बॅगेतल्या साड्या एकेक काढून पुन्हा कपाटात ठेवायला सुरुवात केली. अनुपमाने नंदकिशोरांकडे असं पाहिलं की ते चहाचा कप घेऊन खिडकीकडे वळले.

"एक विचारू?" कुंदा पाठमोरीच म्हणाली. "मी आता पूर्वीसारखी उभी राहून कामं करू शकणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुम्ही होतात. म्हणून नकोय का मी घरी? अडचण होणार आहे का माझी?"

नंदकिशोरांनी कप खाली ठेवला.

"अगं वेडी का तू! अडचण मी केलीय! तुझ्या ओट्याची मी माती केलीय गं कुंदा!" आणि मग सगळंच बाहेर पडलं. परात, माउस, मुंग्या, धम्मपाल, दत्ताराम. "तुला काहीतरी द्यायचं होतं. इतकी वर्षं तू त्या ओट्यापाशी उभी राहिलीस, मी एकदाही थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं, आता म्हणावं. तर ते असं बुटकं निघालं!"

कुंदाने डोळे पुसले. मग म्हणाली, "रिक्षा बोलवा."

"बोरिवलीहून मुलुंडला रिक्षा?" अनुपमा ओरडली. "मी गाडी काढते!"

स्वयंपाकघराच्या दारात कुंदा वॉकर धरून बराच वेळ उभी राहिली. नंदकिशोर तिच्यामागे, शाळेत निकालाच्या दिवशी उभे राहायचे तसे. फोन करून बोलावलेला दत्ताराम टोपी हातात घेऊन कोपऱ्यात.

"उद्या सगळं तोडतो," नंदकिशोर पुटपुटले.

"जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणा," कुंदा म्हणाली.

त्यांनी आणली. तिने ती घरघंटीच्या मोकळ्या जागेसमोर ठेवायला लावली आणि हळूच बसली. नवे गुडघे त्या जागेत अलगद सरकले. शेगडी डाव्या हाताला आली, सिंक उजव्या. तिने बसल्या बसल्या हात वर केला, तर वरच्या कपाटाचं दार हातात आलं. उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग शेगडी पेटवली.

"पातेलं द्या," ती म्हणाली. "उभं न राहता चहा करता येईल, असं मला वाटलंच नव्हतं हो."

तिने चहा केला. चौघांना पुरेल इतका, बसून! दत्तारामने बशीत ओतून घेतला. नंदकिशोरांनी पहिला घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "थँक्यू, कुंदा." म्हणायला फारसं अवघड नव्हतं. मग त्यांनी दत्तारामचा हात धरून त्यालाही थँक्यू म्हटलं. दत्ताराम एवढा लाजला की त्याचंही डोकं कपाटाला लागलं!

चार दिवसांनी केयूर शहा बघायला आला. त्याच्या आईचेही गुडघे गेलेले. त्याने खुर्चीत बसून पाहिलं, हात वर करून पाहिलं आणि थक्क झाला.

"नंदूकाका, काय विचार केलाय तुम्ही! मला पण शिकवा ना. मम्मीसाठी सेम ओटा करायचाय."

नंदकिशोरांची छाती फुगली. त्यांनी लॅपटॉप उघडला, चष्मा सरसावला.

"लिहून घे. आधी माप फुटांत की मीटरमध्ये, ते ठरव, नाहीतर ओटा माझ्याकडे येईल. चित्रावरचे आकडे कधीही पुसायचे नाहीत. आणि प्रिंट काढताना पानाला फिट अजिबात नाही! खऱ्या प्रमाणात काढायची, पट्टी लावून एक रेघ तपासायची, मगच कारागिराच्या हातात द्यायची."

केयूरने मोबाइलमध्ये भराभर टिपून घेतलं.

"म्हणजे हे सगळं बरोबर केलं, की असा ओटा होणार?"

नंदकिशोरांनी कुंदाकडे पाहिलं. कुंदा खुर्चीत बसून भाजी निवडत होती आणि तिने अजिबात मदत केली नाही.

"नाही," ते खाली बघत म्हणाले. "हे सगळं बरोबर केलंस, तर नाही होणार."