सखूबाईंचा उखाणा आणि उंबरठ्याची मोहीम

श्री ग्रामदेवता प्रसन्न. संगमेश्वर प्रांती एका उंबरठ्यावर जो संग्राम जाहला, त्याची हकीकत साद्यंत लिहितो. हसू आवरेना त्याने तोंडावर उपरणे धरावे. आम्ही लिहिताना तेच केले.

शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सरी, वैशाखमासी, राजमान्य राजश्री भागोजीराव मुंबईहून रजा काढोन यष्टीने दाखल जाहले आणि जांभ्या चिऱ्याच्या नव्या घराची वास्तुशांत मांडिली. मग दस्तुराप्रमाणे त्यांच्या भगिनी मालनबाई यांनी दार रोखिले आणि फर्माविले जे, वहिनीने नाव घेतल्याखेरीज उभयतांस आत रिघाव नाही. मग सौभाग्यवती सखूबाई पदर सावरोन गर्जल्या:

"नव्या घरात मांडला पंचपल्लवांचा घट,
भागोजीरावांचं नाव घेते, स्वभाव मोठा हेकट!"

मांडवात हास्याची नौबत झडली आणि भागोजीरावांची मुद्रा आमसूल चावल्यागत जाहली. हुकूम सुटला जे, 'हेकट' काढोन 'बळकट' घालावे, अन्यथा आम्ही पाऊल उचलणार नाही. सखूबाईंनी उलट कळविले जे, कौले यांच्या मनाची, न्हाणी यांच्या मनाची, दार पावसाच्या तोंडी तेही यांच्याच मनाचे. सगळ्या घरात आमचा शब्द काय तो हा एक, तो आम्ही देणार नाही. हे खरेच होते, आणि आमचे मन तेथेच त्यांच्याकडे फितूर जाहले.

इकडे मुहूर्त सरत चालला, भटजी घड्याळ दाखवू लागले, आणि काळ्या वाटाण्याची आमटी निवोन भुकेली रयत बंडाच्या गोष्टी बोलू लागली. मग निवाड्यास शाळेचे रघू मास्तर पाचारिले. त्यांनी घसा खाकरोन निर्णय दिला जे, बरोबर असता हटत नाही तो निश्चयी, आणि चूक कळोनही हटत नाही तो हेकट; सबब जो आधी वाट देईल तो हेकट नव्हे.

घात येथेच जाहला. भागोजीराव तत्क्षणी बाजूस सरले. "जा, तू आधी. मी नाय हेकट."

"आवो, तुमी आधी! मी तर मुळीच नाय!"

मग उभयता माघार घेण्यास इरेस पेटले, आणि मागे हटता हटता एक माडापाशी पोचले, दुसरी विहिरीपाशी, आणि उघडे दार ओस पडिले. तेव्हा मालनबाईंनी मोर्चा सोडोन दोघांस मनगटी धरोन ओढिले आणि एकदमच आत लोटिले. चौकटीत दोघे क्षणभर अडकले, मग आत पडले. भटजींनी घाईने अक्षता टाकिल्या.

पुढे पंगतीत भागोजीरावांस नाव घेणे प्राप्त जाहले. त्यांनी वडा हाती धरोन, मान खाली घालोन म्हटले:

"पावसाच्या तोंडी दार केलं, चूक माझी बळकट,
सखूचं नाव घेतो, मीच खरा हेकट."

मास्तर बोलो गेले जे, चूक कबूल करी तो हेकट नव्हे. तो सखूबाईंनी त्यांच्या पानात आणीक दोन वडे वाढोन तोंड बंद केले.

येणेप्रमाणे सखूबाईंची फत्ते जाहली आणि शब्द कायम राहिला, म्हणोन ही नोंद. भागोजीरावांनी दारापुढे पावसाच्या आडोशास झावळ्यांचा झाप बांधिला. दार मात्र आहे तिकडेच आहे.